शेजारच्या मांडवातली बाई

भावाच्या हळदीसाठी मी गाडीच्या डिकीत मोठे स्पीकर आणि त्यांच्यासाठी एक जादा बॅटरी बसवली होती. काशीगावात मांडवासमोर डिकी उघडली आणि सगळे नाचायला लागले. पण ठोका जोरात आला की आवाज बसायचा, आणि शेवटी गाणं बंदच पडलं. हात वर केलेले पाहुणे तसेच थांबले. मी तारा हलवून पाहिल्या, पण उपयोग झाला नाही.

तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई धावत आल्या. गालाला हळद, पदर खोचलेला. त्यांनी सरळ डिकीत डोकं घातलं.

"मायनसची तार गाडीच्या रंगावर आवलली हाय तू. करंट परत जाईल कसा? माझ्या टेम्पोत मी पत्र्यालाच लावलीय."

आधी त्यांनी बांगड्या काढून माझ्या हातात कोंबल्या. मग तार सोडवली, पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि बोल्ट आवळला. प्रत्येक पिळाला "हां, आता!" म्हणत होत्या.

गाणं असं दणाणलं की त्या जागच्या जागीच नाचायला लागल्या.

"मावशी, तुम्ही कुणाकडच्या?" मी ओरडून विचारलं.

"बाजूच्या मांडवातली! माझ्या पोरीची हलद हाय. आमचा डीजे आलाच न्हाय. सकालपासून तुमच्याच गान्यावर नाचतोय आमी!"

त्यांनी वळून हाक मारली. कुणीतरी मधली कनात उचलली आणि त्यांचं अख्खं गोत नवरीसकट आमच्यात घुसलं.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हळदीच्या व्हिडिओत भावाशेजारी एक भलतीच नवरी नाचताना दिसते. ती कोण, हे वहिनीला समजावताना आम्ही अजूनही हसून लोळतो.