पाठमोरी मी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, अजूनही नाही. पण हा एक फोटो मला कुणीतरी समजावून सांगा.

मी बारामतीची. मुलानं मोबाईल घेऊन दिला तेव्हापासून बाजारात माणसांचे फोटो काढायचा नाद लागलाय. कुणी मिशा पुसतंय, कुणी मिरची हुंगतंय... मजा वाटते.

भाजीला शेळगावची रखमाआक्का ठरलेली. तिचा फोटो मात्र मिळायचा नाही. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय काढू द्यायची नाही. आणि मी भाजी घेतली की नोट कपाळाला लावून लगेच पदर तोंडावर.

"माझं त्वांड काय बगायचंय काकू? गवार बगा, गवार."

उन्हाळ्यात आक्का गेली. तिची लेक वैशाली घरी आली. "काकू, आईचा एक बी फोटू न्हाय घरात. आधार कार्डावरचा तर वळखू बी येत न्हाय. भिंतीला काय लावू?"

आम्ही दोघी मोबाईल घेऊन बसलो. पदर, पदर, नुसता पदर. मला तर रडूच आलं... आणि पुढचा फोटो उघडला. आक्का! नोट कपाळाला, पदर खांद्यावर, पडका दात दाखवत हसतेय. वैशालीनं मोबाईल छातीशीच धरला.

मग मी नीट पाहिलं. फोटोत आक्कासमोर मी होते — पाठमोरी, हातात हाच मोबाईल, तिच्यावर रोखलेला. मग हा काढला कुणी? आक्का बसायची त्या बोळात माझी पाठ भिंतीला टेकते हो. मागं माणूस मावत नाही.

मुलगा म्हणाला, "आई, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला असेल." मग त्यानंच शोधलं. फोटो माझ्याच कॅमेऱ्यातला, त्याच्या आधीचा पदराचा, नंतरचाही पदराचा. तेव्हापासून तो विषय टाळतो.

वैशालीनं मला कापून फोटो मोठा करून लावलाय. कडेला माझी बोटं तेवढी राहिलीत. पाहुण्यांना सांगते, "काकूंनी काडलाय."

मला नाही म्हणवत नाही... आणि आक्का तर माझ्याकडं बघतच नाहीये. माझ्या खांद्यावरून, भिंतीकडं बघून हसतेय.