चाळणीचा हात

बेकरीवाल्याच्या हाताला एक खोड होती, थेट वडिलांकडून आलेली. पीठ दिसलं की चाळायचं! "काय पांढराशुभ्र पाव हो तुमचा," असं कोणी म्हटलं की गडी त्या पावासारखाच फुगायचा.

त्याची लेक ठकी आठ वर्षांची, आणि एवढ्याशा जिवाला मधुमेह. इन्सुलिन वेळेवर, मापात. तरी नाश्त्याचा पाव खाल्ला की साखर उसळायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मैदा बंद करा. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा पाव द्या. कोंड्यातल्या फायबरमुळे साखर रक्तात दमानं चढते. इन्सुलिन मात्र आहे तसंच."

"एवढंच ना? पाव तर घरचाच!" म्हणत त्यानं गव्हाचं पीठ आणलं, पाव भाजला. साखरेच्या उड्या चालूच.

मग संशय पोरीवर.

"खरं सांग, चोरून काय खाल्लंस?" आईनं दरडावलं.

"काही नाही गं! देवाशपथ!"

"मग साखर काय वाऱ्यानं वाढली?"

ठकीनं बापाकडे पाहिलं. आपली पोर खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण साखर मोजायच्या यंत्रावरच्या आकड्याला खोटं कसं म्हणायचं? तो गप्प बसला. पोर रडून लालबुंद झाली.

दुसऱ्या दिवशी बायको तणतणत भट्टीच्या खोलीत आली. "आता तुम्हीच विचारा तुमच्या लाडकीला..." आणि थबकलीच.

"हे काय चाललंय?"

"पीठ चाळतोय."

"गव्हाचं? आणि हा वर राहिलेला कोंडा?"

"शेजारच्या शेळीला देतो ना रोज."

"अहो! डॉक्टरबाईंनी कोंडा पोरीला सांगितला होता, शेळीला नाही!"

तो चाळणीकडे बघतच राहिला. "अगं... हात आपोआपच..."

"हाताचं सोडा, वर डोकं कशाला दिलंय? शेळी ठणठणीत, आणि माझी पोर चोर ठरली!"

चोर ठरवली कोणी, हे बोलायची त्याची छाती झाली नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा न चाळलेल्या पिठाचा पाव निघाला. काळपट, जडशीळ, वरून तडकलेला.

"बाबा, हा पाव आहे की वीट?"

"वीट समज, पण नीट चावून खा."

दोन तासांनी ठकीच्या बोटाला सुई टोचली. बापानं डोळे मिटून घेतले. "सांग गं लवकर."

"चढलीय," बायको म्हणाली, "पण बेतात. उसळली नाही हो!"

बेकरीवाला मटकन पोत्यावर बसला आणि पिठाच्या हातांनीच डोळे पुसू लागला. पुढचा आठवडाभरही साखर ताळ्यावर राहिली, तेव्हा कुठे आईनं लेकीला जवळ ओढलं.

"चुकलं गं माझं."

"आणि बाबांचं?"

"माझं काय? मी तर काहीच बोललो नव्हतो."

"तेच तर!" ठकी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्या सगळ्यांच्या देखत बेकरीवाल्यानं कान पकडले.