पेन्सिलीने लावलेली ड्युटी

"माणूस परत आला, की मग शाई."

हजेरी मास्तर हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की ठाण्यात नवा आलेला शिपाई आधी हे शिकायचा आणि मग सलाम ठोकायला शिकायचा.

पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणारा एक असतो, कोठडीच्या चाव्या सांभाळणारा एक असतो, आणि कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवणारा एक असतो. तो हजेरी मास्तर. नावाला मास्तर, शिकवत काहीच नाही, असतो हवालदारच. आमच्या या मास्तरांकडे हे काम बावीस वर्षं होतं. खिडकीजवळचं टेबल, त्याच्या एका आखूड पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा, टेबलावर लांबट जाड वही, आणि वहीमागे मास्तर. दुरून पाहिलं तर वही आणि मास्तर यांतलं जास्त झिजलेलं कोण, हे सांगता येत नसे.

दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता ते शाईने लिहीत. कोण नाक्यावर, कोण कोर्टात, कोण गस्तीला, कोणाची साप्ताहिक सुटी. पण तक्ता कागदावर राहतो आणि माणसं घरात राहतात. कोणाचं पोर तापाने फणफणतं, कोणाच्या बहिणीला बघायला पाहुणे येतात. मग अदलाबदल आली. नियमाप्रमाणे त्यासाठी अर्ज करायचा, साहेबांची मंजुरी घ्यायची. पण अर्ज मंजूर होऊन येईपर्यंत आजारी सासू खडखडीत बरी होऊन जावयाला शिव्या द्यायला लागलेली असायची. म्हणून मास्तरांनी स्वतःची रीत काढली. दोघांनी टेबलासमोर उभं राहायचं. एकाने म्हणायचं, "मी याच्या जागी जातो." दुसऱ्याने म्हणायचं, "मी याचं देणं लागतो." मास्तर तक्त्यातल्या शाईखाली पेन्सिलीने बदल लिहीत. संध्याकाळी गेलेला माणूस परत येऊन समोर उभा राहिला, की पेन्सिलीवरून शाई फिरवत. जो परत आला नाही तो गेलाच नसणार, ड्युटी रद्द झाली असणार, मग खोडरबर. वही बंद होताना पान स्वच्छ. साहेबांची सही त्यानंतर.

बावीस वर्षांत या रीतीने किती बारशी, किती दवाखाने, किती रुसलेल्या बायका निभावल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मास्तरांच्या घरी मात्र वेगळं बोललं जाई. "सगळ्या गावाच्या सुट्या लिहिता," मास्तरीणबाई म्हणत, "एखादी चुकून स्वतःच्या नावावर लिहा की. पेन्सिलीने का होईना." मास्तर हसत आणि गुडघ्याला तेल चोळत बसत.

ठाण्यात एक शिपाई होता, त्याला सगळे शिडी म्हणत. उंचीच तशी. छताचा दिवा गेला की स्टूल शोधण्याआधी शिडीला हाक मारायचे. बोलायला मोकळा, कामाला पुढे, आणि अदलाबदलीला कधी नाही न म्हणणारा. दुसरा होता गोगलगाय. हा सावकाश चालायचा, सावकाश जेवायचा, चोर पकडायला धावला तर चोरालाच दया यावी असा. पण मनाने सरळ.

त्या दिवशी तक्त्यात शिडीला सुटी होती आणि गोगलगायला पुलाचा नाका. गोगलगायच्या मुलीच्या कानाचं ऑपरेशन होतं. दोघे सकाळी टेबलासमोर उभे राहिले, ठरलेली वाक्यं म्हणाले. मास्तरांनी पेन्सिलीने लिहिलं. शिडी पुलावर गेला.

दुपारी उतारावरून एक ट्रक आला. त्याचे ब्रेक गेले होते. नाक्यापाशी टोपल्या घेऊन एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. शिडीने तिला ढकललं. म्हातारीचं मनगट मोडलं, टोपल्या पुलाखाली गेल्या. ट्रक कठड्याला जाऊन थांबला तेव्हा शिडी त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये होता.

मास्तर दवाखान्यात गेले. कागदांवर सह्या केल्या, शिडीच्या बायकोला रिक्षातून उतरवून घेतलं, आत नेलं, बाहेर आणलं. दिवस मावळायच्या सुमाराला ते ठाण्यात परतले आणि खुर्चीत बसले. समोर वही उघडी होती. डोकं चालत नव्हतं, पण बावीस वर्षांच्या सवयीचा हात चालत होता. कोर्टातून परत आला, शाई. गस्तीवरून परत आला, शाई. पुढच्या ओळीपाशी हाताने खोडरबर उचलला. पुसलं, फुंकर मारली, कागदावरचा भुगा करंगळीने झटकला. मग वही मिटून कपाटात ठेवली. घरी जाऊन ते न जेवता पडून राहिले.

काय झालं ते पंधरवड्याने कळलं. कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्यांची नावं मुख्य कार्यालयासमोरच्या दगडावर कोरली जातात. शिडीचं नाव पाठवताना सोबत वहीच्या पानाची प्रत गेली होती. वरून उत्तर आलं: नोंदीप्रमाणे सदर शिपायाची त्या दिवशी साप्ताहिक सुटी होती. सुटीच्या दिवशी गणवेश घालून तो नाक्यावर कशासाठी उभा होता, याचा खुलासा करावा.

मास्तरांनी वही काढली. पान स्वच्छ होतं. कोणीतरी ठेवलेला चहा निवून गेला.

गोगलगाय खरं सांगायला तयार होता. पण वहीप्रमाणे त्या दिवशी गैरहजर तोच होता, आणि गैरहजर माणसाच्या बोलण्याला कोण विचारतो? दरम्यान गावाने आपला खुलासा करूनही टाकला होता. सुटीच्या दिवशी पोलीस नाक्यावर कशाला उभा राहतो? ट्रकवाल्यांकडून चिरीमिरी उकळायला, आणखी कशाला! न्हाव्याच्या दुकानात हे बोललं गेलं, दळणाच्या रांगेत बोललं गेलं. जी माणसं त्याच्या अंत्ययात्रेत मान खाली घालून चालली होती, तीच बोलत होती.

शिडीची बायको ठाण्यात आली. बसली नाही.

"काका, दगडाचं राहू द्या," ती म्हणाली. "दगडावर नाव नसलं तरी माझं अडत नाही. पण पोरगी शाळेतून येऊन विचारते, बाबा पैसे घ्यायला गेले होते का? तिला काय सांगू?"

"तो गोगलगायच्या जागी गेला होता. माझ्यासमोर ठरलं."

"मग लिहिलेलं का नाही?"

"लिहिलं होतं, पोरी."

"मग गेलं कुठे?"

मास्तरांनी टेबलावरचा खोडरबर खणात सारला. "बघतो," एवढंच ते म्हणाले. ती गेल्यावर त्यांना स्वतःच्या त्या शब्दाची किळस आली.

त्याच दिवशी साहेबांनी त्यांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं.

"मास्तर, निवृत्तीला किती राहिले?"

"आठ महिने, साहेब."

"वही तुमची, अक्षर तुमचं, पेन तुमचं. एक ओळ लिहा आणि विषय मिटवा. ओळ खोटी आहे का?"

"ओळ खरी आहे, साहेब. दिवस खोटा होईल."

"दिवस बघायला कोण बसलंय?"

"वर प्रत गेलीय. उद्या कोणी दोन पानं शेजारी ठेवली, तर शिडी कायमचा चोर ठरेल. मग मी सोन्याच्या शाईने लिहिलं तरी कोणी वाचणार नाही."

साहेबांनी दार नीट लागलंय का ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मग काय सांगणार? बावीस वर्षं नियम सोडून पेन्सिलीने ड्युट्या लावल्या? सगळ्या वह्या बाहेर काढतील. तुम्ही भाजाल, मीही भाजेन."

"तुमची सही पान स्वच्छ झाल्यावरची आहे, साहेब. तुम्हाला धग लागणार नाही."

घरी त्यांनी मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"पुसलं ते मुद्दाम नाही ना?"

"नाही."

"मग लोकांना ते समजेल का?"

"लोकांना नाही समजणार. मलाच अजून समजत नाही."

"समजून घेत बसू नका आता. लिहा जाऊन," त्या म्हणाल्या. "आठ महिने काय, कसेही जातात. तिची पोरगी अजून पुष्कळ वर्षं शाळेत जायची आहे."

मास्तरांनी जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. अडीच पानं. कुठे "अनवधानाने" नाही, कुठे "कामाच्या ताणामुळे" नाही. मी पेन्सिलीने लिहीत असे. मी पुसत असे. त्या दिवशीची ओळही मीच पुसली. माणूस माझ्या सांगण्यावरून पुलावर गेला.

चौकशीला वरून एक अधिकारी मॅडम आल्या. चार दिवस बसून त्यांनी जुन्या वह्या चाळल्या. पाचव्या दिवशी मास्तरांना बोलावलं.

"बावीस वर्षं कोणीच विचारलं नाही तुम्हाला?"

"संध्याकाळी पान स्वच्छ असायचं, मॅडम. स्वच्छ पानाला कोण काय विचारणार?"

मॅडमनी ते पान खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं. उजेड आडवा पडला तसे कागदावर पेन्सिलीचे वळ दिसले. शिडीच्या नावाचं एकेक अक्षर, आणि पुढे पुलाचा नाका. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"इतकं दाबून का लिहिता?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय. दाबलं नाही तर मला दिसत नाही."

मॅडम हसल्या नाहीत. मास्तरही विनोद म्हणून बोलले नव्हते. नंतर मॅडमनी अपघात पाहिलेल्या नाक्यावरच्या दोघांचे जबाब घेतले, गोगलगायच्या मुलीचे दवाखान्यातले कागद बघितले, आणि मनगट बांधलेल्या म्हातारीच्या घरी जाऊन तिचंही ऐकून आल्या.

महिन्याभराने एकाच टपालाने दोन कागद आले. एकात लिहिलं होतं, की सदर शिपाई त्या दिवशी अधिकृत कामावर होता आणि कर्तव्य बजावताना गेला. त्याचं नाव दगडावर घ्यावं. दुसऱ्यात लिहिलं होतं, की हजेरीचं काम मास्तरांकडून काढून घ्यावं, त्यांच्या सेवापुस्तकात शेरा मारावा, आणि त्यांना रस्त्यावरची कामं द्यावीत. साहेबांनी पहिला कागद मोठ्याने वाचला. दुसरा न बोलता पुढे सरकवला.

वही गोगलगायकडे आली. नाव कोरायच्या समारंभाचा तक्ता त्यालाच करायचा होता. तो टेबलामागे अंग चोरून बसला होता.

"मास्तर, तुम्हाला कुठे लावू? मांडवात लावू का, पहिल्या रांगेच्या कडेला?"

"माणूस कुठे कमी आहे?"

"बाहेर, वळणावर. गाड्या वळवायला."

"मग तिथे लाव. आणि शाईने लिही."

समारंभाच्या दिवशी ऊन कडक होतं. दगडासमोर मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. मास्तर बाहेर वळणावर उभे होते. सकाळपासून त्यांनी गाड्यांना हात केले, मोठ्या पाहुण्यांच्या चालकांचे टोमणे ऐकले. "आजोबा, बाजूला सरका, चाकाखाली याल." गुडघे भरून आले होते. आतून भाषणं ऐकू येत होती, पण शब्द कळत नव्हते. मग भाषणं थांबली, आणि एका आवाजाने शिडीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यानंतर बंदुकीच्या फैरी झाल्या. झाडावरचे पक्षी उठले, घिरट्या घालून पुन्हा बसले. मास्तरांनी रस्त्यातच टाचा जुळवून सलाम केला. मागे एका गाडीने भोंगा वाजवला. त्यांनी हात खाली घेतला आणि गाडीला वाट दिली.

माणसं पांगायला लागली, तेव्हा शिडीची बायको फाटकाबाहेर आली. बरोबर मुलगी होती, बापासारखीच वयाच्या मानाने उंच. बाई मास्तरांसमोर येऊन थांबली. तिला सगळं ठाऊक झालं होतं.

"ते तुम्हीच पुसलं होतं ना, काका?"

"हो."

राग होता की नव्हता, तिलाही सांगता आलं नसतं. थकवा तेवढा दोघांच्याही चेहऱ्यावर सारखा होता. तिने विचारलं, "निघताना तो काय म्हणाला होता? काहीतरी म्हणाला असेल ना?"

मास्तरांना काहीतरी मोठं सांगता आलं असतं. ते म्हणाले, "पुलावर वारा असतो, टोपी उडते, म्हणाला. एवढंच."

"टोपी त्याला सैलच होती," बाई म्हणाली. "बदलून घे म्हणून सांगायची मी." आणि तिने तोंडाला पदर लावला.

मुलीने मास्तरांकडे मान वर करून बघितलं. "बाबा कामावर होते ना?"

"कामावर होता," मास्तर म्हणाले. "मी लावलं होतं."

मग त्यांनी हातातली शिट्टी खिशात टाकली. ड्युटी संपायला अजून अर्धा तास होता; तेवढी सुटी त्यांनी स्वतःच्या नावावर लावली. साहेब फाटकात उभे होते. त्यांनी बघितलं आणि नजर दगडाकडे वळवली. सलामीच्या रांगेतला गोगलगाय बंदूक खांद्याला लावून बघत होता. त्याला हलायची मुभा नव्हती. मास्तर वळणापुढच्या उतारावरून निघाले, डावा पाय थोडा ओढत, रस्त्याच्या कडेकडेने, कोणाकडे वळून न बघता. बाई मुलीचा हात धरून बघत राहिली. मुलगी टाचा उंचावून बघत होती, म्हणून तिला ते सगळ्यांत शेवटपर्यंत दिसले.