आत्याबाई आणि दोन शाळांची पेज

माझ्या आतेसासूबाईंनी आजवर एखाद्या माणसाला खाताना पाहिलं आणि त्याला सुखानं खाऊ दिलं, असं एकही उदाहरण आमच्या सगळ्या गोतावळ्यात सापडायचं नाही. त्या काही दुसऱ्याचे घास मोजणाऱ्या चिक्कू बाई नाहीत. त्यांच्याइतकं आग्रहानं वाढणारं माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधावं लागेल. पण वाढून झालं की त्या समोर बसतात, चष्मा नाकावर खाली ओढतात आणि तुमच्या ताटाकडे अशा काही बघतात, की साधा वरणभात खाणारा माणूससुद्धा चोरून काहीतरी करत असल्यासारखा खायला लागतो. सगळी नोकरी त्यांनी मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत काढली. गोरगरिबांची मुलं काय खातात, त्यातलं अंगाला किती लागतं आणि त्यामुळे डोक्यात किती शिरतं, हे शोधायचं, हेच त्यांचं काम. निवृत्त होऊन त्या इकडे परत आल्या तेव्हा सामानाचा टेम्पो उतरवणाऱ्या हमालांना आम्ही चहा दिला, आणि आत्याबाईंनी त्यांच्या शेजारी बसून, ते सकाळी घरून काय खाऊन निघाले होते, ते विचारून घेतलं. निवृत्ती म्हणून जी काही होती ती एवढीच.

माणसं भेटली की एकमेकांना ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारतात. आत्याबाई विचारतात, ‘काल उठल्यापासून काय काय खाल्लंस?’ मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो मला बघायला मंडळी आली तेव्हा. मुलगी कुठवर शिकली, नोकरी लग्नानंतर करणार का, हे सगळं होऊन गेलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून या बाईंनी तो प्रश्न टाकला. माझ्या आईनं घाईघाईनं ‘आमच्याकडे रोज वरण, भात, भाजी, भाकरी असतंच,’ असं सांगायला सुरुवात केली. तिला हातानंच थांबवून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही नका सांगू. तिला सांगू दे.’ माझी इतकी भंबेरी उडाली की मी खरं तेच सांगून टाकलं : सकाळी चहा आणि बटर, दुपारी डबा मैत्रिणीला देऊन स्टँडवर दोन वडापाव, आणि रात्री भूक नाही म्हणून नुसतं ताक. आईनं कपाळाला हात लावला. आत्याबाई मात्र खूश होऊन भावाला म्हणाल्या, ‘दादा, मुलगी खाते वाईट, पण सांगते खरं. खाणं सुधारता येतं.’ माझं लग्न तिथेच ठरलं, असं आमच्याकडे अजून सांगतात.

त्यांच्या या चौकशीतून कुणीही सुटत नाही. दाताच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात दोन्ही हात घातलेले असताना त्यांनी काहीतरी गंभीरपणे पुटपुटायला सुरुवात केली. दुखतंय म्हणून डॉक्टरांनी घाबरून सगळी हत्यारं बाहेर काढली, तर प्रश्न निघाला, ‘तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. हात थरथरतोय.’ ते खरंच नुसत्या चहावर आले होते. आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात. पूर्वी माणसं पेला पुढे करायची आणि खीर घेऊन निघून जायची. आत्याबाई पातेल्यापाशी उभ्या राहायला लागल्यापासून रांग कधी पुढेच सरकत नाही, कारण प्रत्येकाला घरी दूध किती येतं आणि ते मुलांच्या पोटात जातं की चहात, हे सांगितल्याशिवाय खीर मिळत नाही.

आणि पुराव्याशिवाय बोललेलं त्यांना खपत नाही. माझ्या सासऱ्यांना रोज पहाटे घरच्या ग्रुपवर आरोग्याचे संदेश टाकायची सवय. अमुक पानाचा रस घेतला की गुडघे धरत नाहीत, तमुक बी चावली की स्मरणशक्ती वाढते. इतर नातेवाईक हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होत. आत्याबाई मात्र सख्ख्या भावाला सगळ्यांदेखत विचारत, ‘किती जणांना दिला रस? न घेणाऱ्यांचे गुडघे कसे होते?’ एक दिवस सासरे ग्रुप सोडून गेले. त्यांना परत आणायला शेवटी आत्याबाईच त्यांच्याजवळ आल्या, आणि चहात खारी बुडवत बसल्या. खारी त्या इतका वेळ बुडवतात की ती आत पडते, मग चमच्यानं काढून खातात. सासऱ्यांनी संधी साधून विचारलं, ‘याला काय पुरावा आहे?’ त्या म्हणाल्या, ‘दादा, हे संशोधन नाही. हे व्यसन आहे.’ भाऊ हसला आणि ग्रुपवर परत आला.

अशा या आत्याबाईंना निवृत्तीनंतर एक काम चालून आलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक विद्यार्थिनी आता त्याच संस्थेची प्रमुख झाली होती. तिला एक गोष्ट नीट तपासून हवी होती. वाड्यावस्त्यांवरची बरीच मुलं सकाळी कोऱ्या चहाबरोबर बिस्किटं खाऊन शाळेत येतात आणि पहिल्या तासाला पेंगतात. त्यांना शाळा भरतानाच गरम काहीतरी दिलं तर शिकण्यात फरक पडतो का? मालगुंडच्या वरच्या अंगाला, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, आत्याबाईंनी दोन शाळा निवडल्या. दोन्ही चौथीपर्यंतच्या, दोन्हींकडे सारखीच कातळाची जमीन आणि सारखीच परिस्थिती. एका शाळेत वर्षभर रोज सकाळी नाचणीची पेज आणि बरोबर भिजवलेले कुळीथ द्यायचे. दुसऱ्या शाळेत काही द्यायचं नाही, फक्त दर महिन्याला मुलांचं वजन-उंची घ्यायची आणि वाचनाचे, आठवणीचे तेच खेळ घ्यायचे. वर्ष संपलं की मग दुसऱ्या शाळेलाही पेज सुरू. शनिवारी माझ्या कचेरीला सुट्टी आणि सकाळची शाळा, त्यामुळे सारथ्य माझ्याकडे आलं. पुढे पायांत वजनकाटा, मागे आत्याबाई आणि त्यांच्या मांडीवर चित्रांच्या पत्त्यांची पेटी, अशी आमची स्कूटी आरे-वारेच्या रस्त्यानं निघाली की समुद्र बघायला आलेले पाहुणे समुद्र सोडून आमच्याकडे बघत.

पहिल्या शाळेत पेज करायला सुनंदाताई म्हणून वाडीतल्याच एक बाई होत्या. त्यांचं आणि आत्याबाईंचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. रोजची पेज अगदी सारखी झाली पाहिजे, असा आत्याबाईंचा हुकूम. सुनंदाताई मात्र पोरांची तोंडं बघून गूळ घालायच्या. ‘ताई, रोज वेगळा गूळ पडला तर मी हिशोब कसा लावू?’ असं आत्याबाईंनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘ओ बाय, तुमी हिशोब लावा नायतर नका लावू, पोरांनी पेज टाकली तर काय मोजशाल?’ दुसऱ्या दिवसापासून गुळाचा खडा ठरला, आणि दोघींची जी गट्टी जमली ती कायमची.

गोष्ट घडली ती दुसऱ्या शाळेत. पावसाळा सरला होता. मुलं रांगेनं काट्यावर चढत होती. चौथीतली एक चुणचुणीत मुलगी होती, दोन वेण्या आणि सतत काहीतरी विचारणारी. तिचं वजन झालं तरी ती उतरेना.

‘बाई, तिकडच्या शाळंत पेज देता आनि आमाला नुसतं काट्यावर उभं करता. आमी काय बाजारातली मासली हाव?’

सगळा वर्ग हसला. मीही हसले. गुरुजींनी तिला दटावलं. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या तिला म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी तुमच्याकडेही येणार आहे पेज.’

‘पुडच्या वर्षी मी पाचवीत. खाली मालगुंडला जानार. मग माझी पेज?’

आत्याबाईंनी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

परत येताना आरे-वारेच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही कठड्यावर बसलो. समुद्राकडे बघत त्या म्हणाल्या, ‘मी चौथीत असताना एकदा पाढे म्हणता म्हणता मला घेरी आली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मास्तरांना वाटलं, पाठ नाही म्हणून सोंग करते. छडी खाल्ली. पाढा येत होता गं मला.’

मी म्हटलं, ‘मग देऊन टाकू या ना पेज, आत्याबाई. दोन्हीकडे देऊ.’

यावर त्या अशा भडकल्या की शेजारी फोटो काढणारं जोडपं उठून पलीकडे गेलं. ‘देऊन टाकू? मग फरक पेजेनं पडला की गुरुजी चांगले होते म्हणून पडला, ते कसं कळणार? आपल्याला बरं वाटलं म्हणून वरचे लोक ऐकत नाहीत. आत्ता दिली तर एका शाळेला मिळेल. सिद्ध करून दाखवलं तर उद्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा मागू शकतील. त्या पोरांचं काय?’

दोन्ही बाजूंनी त्या एकट्याच भांडत होत्या, त्यात माझी गरज नव्हती.

पुढचे काही दिवस आत्याबाई नीट जेवल्या नाहीत. आमच्या घरात हा प्रकार इतका नवा होता की सासऱ्यांनी ग्रुपवर संदेश टाकायचं बंद केलं. आणि मग एका सकाळी त्यांनी विद्यार्थिनीला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्या स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

‘मी दुसऱ्या शाळेत पेज सुरू करते आहे,’ त्या म्हणाल्या.

पलीकडून आवाज आला, ‘मॅडम, थोडेच महिने राहिलेत. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, तुलना एकदा बिघडली की उरतं ते फक्त मत.’

‘शिकवलं, आणि बरोबर शिकवलं. म्हणून तर चोरून देत नाहीये. तुला सांगून देते आहे.’

‘मग मला हे काम थांबवावं लागेल, मॅडम.’

‘थांबव. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं.’

ती बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?’

‘नाही.’

‘मग आधी खा.’

फोन बंद झाल्यावर आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या आणि उभ्या उभ्याच अर्धी भाकरी खाल्ली. डोळ्यांना पदर लावला. मी न पाहिल्यासारखं केलं.

त्या शनिवारी दुसऱ्या शाळेत पेज शिजली. पहिल्या शाळेतली पेज लवकर उरकून सुनंदाताई स्वतःचा वाढायचा डाव घेऊन सडा तुडवत आल्या होत्या. वेण्यांवाल्या मुलीनं आधी वास घेतला, मग एक घोट घेतला आणि निकाल दिला, ‘गूळ कमी हाय.’ तिनं परत वाढून घेतली.

संस्थेचं काम बंद झालं. आत्याबाईंनी शेवटचा अहवाल स्वतः लिहिला, आणि त्यात कसलीही पळवाट न ठेवता लिहिलं की तुलना मी मोडली, तेव्हा यातून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही. आयुष्यभर ज्या बाईनं दुसऱ्यांचे कच्चे निष्कर्ष परत पाठवले, तिला हे लिहिताना काय झालं असेल ते मला नीट सांगता येणार नाही. पण पेज बंद पडली नाही. दोन्ही वाड्यांतल्या बायकांच्या बचत गटांनी ती उचलली. उताराच्या रानात पुन्हा थोडी नाचणी होऊ लागली. गुरुजी म्हणतात, पहिल्या तासाला आता पोरं जागी असतात. एका वर्षीच्या स्नेहसंमेलनात सरपंचांनी आत्याबाईंना शाल दिली आणि माइकवरून जाहीर केलं की या बाईंच्या पेजेमुळे आमची पोरं हुशार झाली. टाळ्या थांबायच्या आत आत्याबाईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘असं सिद्ध झालेलं नाही.’ आणि खाली बसल्या. सरपंचांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आता त्यांचे गुडघे स्कूटीवर बसू देत नाहीत. शनिवारी मी एकटीच वर जाते, सुनंदाताईंचा निरोप आणते. ती मुलगी मालगुंडच्या हायस्कूलमध्ये आहे, असं मागे कळलं. अभ्यासात ठीकठाक आहे म्हणे, फार हुशार नाही, फार मागेही नाही. हे मी आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. एका मुलीवरून काही ठरत नसतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

परवा दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. बोलता बोलता त्यांचा हात थांबला.

‘चुकलं का गं माझं तेव्हा?’ त्या म्हणाल्या. ‘त्या पोरांना दिली ते दिसतं. पण सिद्ध झालं असतं तर ज्यांना मिळाली असती, ती पोरं कुठे दिसतात?’

तोंडावर पटकन आलेलं ‘छे हो, आत्याबाई’ मी गिळलं. असलं उत्तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

‘मला नाही ठाऊक,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

‘मलाही नाही,’ त्या म्हणाल्या, आणि थोडं सरकून पाटावर मला जवळ जागा करून दिली.