रेडिएटरमधली हळद

रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतल्या पाण्यावर हळदीचा पिवळा थर तरंगताना दिसला. माझ्या आधी ही टॅक्सी चालवणाऱ्या प्रमोदला विचारलं, तर तो हसला. "गळत होतं, म्हणून मूठभर टाकली. भोक बुजते ना बे!"

माझं डोकंच फिरलं. दुपारी याच गाडीतून एका बाळंतिणीला कोवळ्या बाळासकट चंद्रपूरला माहेरी पोचवायचं होतं. नागपूरचं ऊन, वाटेत धड सावली नाही, आणि भरवसा कशाचा, तर हळदीचा!

तिकडे माझ्या गावी सावंतवाडीला आईसुद्धा कापल्या बोटावर हळद दाबायची. पण आधी जखम धुवायची. ते धुणं तेवढं आपण विसरलो. गळेल तिथं काहीतरी थापायचं, 'चालते' म्हणायचं आणि दुसऱ्याच्या हाती किल्ली द्यायची. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण या एका शब्दाची मला चीड येते.

मी गाडी शेजारच्या गॅरेजात नेली. तिथल्या वानखेडेकाका मिस्त्रींनी सगळी हळद धुऊन काढली, गळती शोधून तिथं कथील वितळवून डाग दिला, पाणी भरलं. तोंडापर्यंत भरलेलं बघून मी झाकण लावायला उचललं.

"काहून घाई करून राहिला? आत हवा हाये अजून," काका म्हणाले.

इंजिन चालू ठेवून आम्ही बघत राहिलो. बुडबुडे वर येत, पाणी खाली जाई, काका पुन्हा ओतत. परक्या गावात असं थांबायला शिकवणारं कुणी भेटलं, हे माझं नशीब.

"झालं ना बे, चालते!" प्रमोद लांबून ओरडला.

मी झाकण हातातच धरून ठेवलं. अजून एक बुडबुडा वर येत होता.