माझ्या पायाचा नारू

नारू म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. सांगतो. दोऱ्याएवढा बारीक, पांढरा किडा. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. माणसाच्या पायात कातडीखाली वाढतो. एक दिवस घोट्याजवळ फोड येतो, नुसती आग आग होते, फोड फुटतो आणि किड्याचं टोक बाहेर येतं. बीडकडं, तलवाड्याच्या बाजूला आमचं गाव. निजामाचं राज्य होतं आणि घरोघर नारू होता. त्याला कुणी रोगात धरत नसे. ज्याला आला तो महिनाभर खाटेवर पडायचा, आणि ज्याला आला नाही त्याला लोक विचारायचे, तुला कावून न्हाई रं यंदा?

नारू ओढून काढता येत नाही, तुटतो. तुटला की पाय सुजतो, पू धरतो, माणूस अधू होतो, कधी जातोही. म्हणून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज एखाद-दुसरा वेढा द्यायचा. नारू यायला तयार असला तर दोन बोटं येतो, नसला तर तसाच सोडायचा. ह्याला हात हलका लागतो आणि डोकं थंड लागतं. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. आमच्या घरात ते धाकटीकडं होतं.

धाकटी म्हणजे माझी एकुलती बहीण. मी सतरा वर्षांचा, ती बारा-तेराची. तिचं लग्न लागलेलं होतं, नांदायला पाठवणं तेवढं राहिलेलं. मी बीडच्या शाळेतून परीक्षा पास झालो होतो, पावसाळ्यात हैदराबादला कॉलेजात जायचं होतं, आणि नेमका त्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या घोट्याला नारू आला. मायनं धाकटीला माझ्या पायाशी बसवलं. "तुजा हात हलकाय, तूच कर," म्हणाली. वीस-बावीस दिवस रोज सकाळी ती कडुलिंबाच्या पाल्यानं माझा पाय धुवायची आणि काडीला वेढा द्यायची. मी कण्हलो की दटावायची, हलू नको दादा, तुटला तर बोल मला लावशील. नारूला ती पाव्हणा म्हणायची. पाव्हणा आज लई आला, पाव्हणा आज रुसलाय. मी तिच्यावर खेकसायचो. माझा स्वभावच तसला, आजही तसाच आहे. ती मनावर घ्यायची नाही.

दुपारी आग सोसवत नसे, मग मी लंगडत बारवेवर जायचो. आमची बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, अख्खं गाव तिचंच पाणी प्यायचं. पाण्यात उतरून बायका घागरी भरायच्या. त्या पाण्यात पाय सोडला की जिवाला असं बरं वाटायचं की उठावंसं वाटू नये. माझ्या शेजारी त्याच पायरीवर मावशी बसलेली असायची. ही काही सख्खी मावशी नव्हे, आमची शेजारीण. माय आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, एकाच जात्यावर दोघी बसून दळायच्या. तिला मूलबाळ नव्हतं, आम्हा दोघांनाच ती लेकरं म्हणायची. त्या उन्हाळ्यात तिलाही तळपायात नारू होता. आम्ही दोघं पाण्यात पाय सोडून गप्पा हाणायचो. माझ्यापासून हातभर अंतरावर धाकटी वाकून घागर भरायची आणि म्हणायची, पाय काढ की दादा, पाणी हलतंय. मी मुद्दाम पाय हलवायचो.

जूनमध्ये बरा होऊन मी जालन्याला आगगाडी धरली आणि हैदराबादला गेलो.

कॉलेजात सगळं उर्दूत. आमच्या विषयाला हयातियात म्हणायचे, म्हणजे जीवशास्त्र. शिकवायला एक म्हातारे प्रोफेसर होते, शेरवानीच्या बाहीला कायम खडू लागलेला. पहिल्या तासाला त्यांनी सांगितलं, सजीव सजिवापासूनच होतो. मांस सडलं म्हणून त्यातून किडा निपजत नाही, माशी बसली म्हणून निपजतो. मला हसू आलं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की पायातली शीर सडली की तिचाच नारू होतो. मी मनात म्हटलं, ह्या गृहस्थांना एकदा आमच्या गावाला न्यायला पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात घरी आलो तर धाकटी खाटेवर. तिला गुडघ्याच्या मागं नारू आला होता. तिथं तिचा तिला हात नीट पोचत नव्हता, मायचे हात कामानं राठ झालेले. माझी वाट बघून बघून तिनं स्वतःच वेढा द्यायला घेतला आणि तो तुटला होता. पाय मांडीपर्यंत सुजलेला. मला बघून म्हणाली, दादा, माजा पाव्हणा लई वंगाळ निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला दूध पाजायला गेलो तर तोंड उघडेना. दातखीळ बसली होती. धनुर्वात. आम्ही गाडी जुंपली आणि बीडच्या दवाखान्याला निघालो. वडील गाडी हाकत होते, मायच्या मांडीवर तिचं डोकं, मी पाय धरून बसलेलो. गाडीला धक्का बसला की तिचं अंग कमानीसारखं ताठायचं. गेवराई मागं पडली आणि थोड्या वेळानं ती गेली. वडिलांनी बैल वळवले. मी तिचा पाय घरापर्यंत सोडला नाही.

मायनं दोष स्वतःवर घेतला. तिच्या मनानं एकच धरलं, की धाकटीनं माझा नारू वीस दिवस बोटांनी हाताळला, तिथूनच तिला लागला. आणि तिला त्या कामाला बसवलं कुणी? मायनं. येईल त्याला ती हेच सांगायची. दळताना सांगायची, शेण थापताना सांगायची, कुणी नसलं तर चुलीला सांगायची. जेवण सोडल्यातच जमा होतं. मावशी दोन्ही वेळा यायची, भाकरी कुस्करून तिच्या तोंडात घालायची, तिनं तोंड फिरवलं तर दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची. त्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत माझी माय जगली ती मावशीच्या हातानं जगली, हे मी शपथेवर सांगतो.

मी हैदराबादला परत गेलो. दिवाळीच्या आधी प्रोफेसरांनी परोपजीवी किड्यांचा धडा काढला. मी बीडकडचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला उभं केलं आणि नारू कसा असतो ते वर्गाला सांगायला लावलं. मी सांगितलं, काडीचं सांगितलं, पाण्यात पाय सोडला की कसं बरं वाटतं तेही सांगितलं. ते म्हणाले, हां, तेच तर त्याला पाहिजे असतं. आणि त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. नारूची मादी पायातून टोक काढते, पायाला पाणी लागलं की हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पाण्यात एक पिसू असते, एकाच डोळ्याची. ती ही पिल्लं खाते. माणूस ते पाणी पितो. पिसू पोटात मरते, पिल्लू मरत नाही. ते माणसाच्या अंगात वाढतं आणि साधारण वर्षानं बाहेर येतं. वर्तुळ पुरं करून त्यांनी हात झटकला.

मग खुर्दबिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, पाण्याचा थेंब ठेवून आम्हाला एकेकाला बोलावलं. माझी पाळी आली. झटके देत पोहणारी ती एकडोळी पिसू मी पाहिली. साधं डबक्याचं पाणी होतं ते, तिच्या पोटात काही नव्हतं. पण मी खुर्दबिणीवर वाकलो आणि बोटांवर महिने मोजत राहिलो. वैशाख ते वैशाख. मागचा पोरगा ढोसायला लागला, बस की बे, आमालाही बघू दे. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. माझ्या पायाची आग थांबावी म्हणून मी जे पाणी हलवत होतो, तेच तिनं घागरीत भरलं होतं. मला कळून चुकलं आणि त्या घटकेपासून मला ते शिक्षण नकोसं झालं.

दिवाळीला घरी गेलो. माय निम्मी झाली होती. आल्या आल्या तिनं पुन्हा तेच सुरू केलं, मीच बसवलं रे तिला तुज्या पायाशी. मला राहवलं नाही. मी तिला ओसरीत बसवून सांगितलं की नारू हात लावून लागत नाही, तुझा काही दोष नाही, तो पाण्यातून येतो. वर्तुळ मी जमिनीवर कोळशानं काढून दाखवलं. पिसूचं सांगितलं, वर्षाचंही सांगितलं. माय सगळं ऐकत होती. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा उजेड दिसला. मग तिनं विचारलं,

"मंग त्या पाण्यात कुणाचा पाय हुता?"

आता बोलायचं होतं. एवढं शिकलो होतो, एवढं वर्तुळ काढलं होतं, आणि मी हातातला कोळसा बोटांनी चोळत बसलो. माय माझ्या पायाकडं बघत नव्हती. ती भिंतीकडं बघत होती, पलीकडं मावशीचं घर होतं. मग ती स्वतःशीच म्हणाली, तिचा पाय हुता त्या साली, रोज बसायची. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. कोळशाचं चित्र पायानं पुसून टाकलं.

दुसऱ्या सकाळी माय जात्यावर एकटीच बसली. मावशी दळण घेऊन आली तशीच परत गेली. दुपारी बारवेवर मायनं चार बायकांदेखत तिला विचारलं की माझ्या लेकराच्या घागरीत पाय कावून सोडलास. मावशीला आधी काही कळेचना. मग बायकांनी तिला समजावलं, पोरगा कॉलेजात शिकून आलाय, त्यानं सांगितलंय. मी त्या सकाळीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो ना, पाणी दुपदरी फडक्यानं गाळा, फोड असला तर पाण्यात उतरू नका. माझं फडकं कुणी मनावर घेतलं नाही, मावशीचा पाय मात्र सगळ्यांनी मनावर घेतला.

संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, मला ठावं न्हवतं गं. माय आतून उठली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी ओसरीत पुस्तक घेऊन बसलो होतो. मावशी उठली, माझ्याकडं बघितलं आणि गेली. मी पुस्तकातून मान वर काढली नाही. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. ती सूप घेऊन ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पाण्यात दोघांचे पाय होते. कुणाच्या पायातलं पिल्लू धाकटीच्या घागरीत गेलं हे प्रोफेसरही सांगू शकणार नाहीत. पण घागरीच्या जवळ मी बसायचो, पाणी मी हलवायचो. तिनं सूप पाखडायचं थांबवलं नाही. मी म्हटलं, आत्ता जातो आणि मायला सांगतो. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"नगं सांगू," ती म्हणाली. "तिला एकच लेकरू राह्यलंय. माजा राग करून ती जगंल. तुजा राग करून न्हाई जगायची."

मी म्हटलं, मावशी, पण तुमचा काय गुन्हा? ती म्हणाली, पाय तर माजाबी हुताच की. आणि मला उठवून दाराकडं लोटलं. जा, म्हणाली, तुजी माय वाट बघत असंल.

मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं. तिनं जरा जरी म्हटलं असतं की सांग, तर मी सांगितलं असतं की नाही, ह्याची आजही खात्री देत नाही. तिसऱ्या दिवशी मी हैदराबादची वाट धरली.

माय खरंच जगली. जेवायला लागली, भांडायला लागली, मावशीचा राग करत करत तिच्या अंगात पुन्हा जोर आला. मावशी पुन्हा कधी बारवेत उतरली नाही. वरून दोरानं पाणी शेंदायची, तेही सगळ्या बायका गेल्यावर. मी सुट्टीला आलो की भिंतीवरून हळूच विचारायची, माय जेवती का नीट? मी मान हलवायचो. वडील गेले तेव्हा ती आमच्या अंगणाच्या बाहेर उभी राहून रडली, आत आली नाही. असं करत करत वर्षं गेली. मी मास्तर झालो, पोरांना हाच नकोसा झालेला विषय शिकवायला लागलो, फळ्यावर ते वर्तुळ काढायला लागलो.

मावशी आधी गेली. तिला रडायला कुणी नव्हतं. मी खांदा दिला, सगळं उरकून घरी आलो आणि अंगणात अंघोळीला बसलो. मायनं पाणी काढून दिलं. तिनं विचारलं, झालं का सगळं? मी झालं म्हणालो. ती तिथंच दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. धाकटी गेल्यावर रडली होती तशी. मग डोळे पुसत म्हणाली,

"एकदा तरी म्हणायचं हुतं तिनं, माजा पाय न्हवता म्हणून. मी लगेच मानलं असतं."

मी तांब्या भरला, डोक्यावर ओतला, आणि पुन्हा भरला.