राखडीच्या तळ्यावर बाबा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा फोटोग्राफीचा प्रोजेक्ट दोनदा परत आला. विषय मीच निवडला होता, अतिवास्तववाद. सर वर्गात सांगायचे की स्वप्नात अशक्य गोष्टसुद्धा साधी वाटते, फोटोतही ती तशीच दिसली पाहिजे. पहिल्यांदा मी संत्र्यांना माणसाचे डोळे लावून नेले. दुसऱ्यांदा सिग्नलवर थांबलेल्या लोकांच्या हेल्मेटमध्ये मासे घातले. सगळं कॉम्प्युटरवर जोडलेलं. सरांनी दुसरा संच टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "ही नुसती जोडणी आहे. यात तू कुठे घाबरलीस, ते मला दिसत नाही."

मी घाबरलेलीच होते, पण फोटोमुळे नाही. सबमिशनला बारा दिवस राहिले होते आणि प्रोजेक्ट गेला की वर्ष जाणार होतं. आई मी दहावीत असतानाच गेली. त्यानंतर सगळे नातेवाईक मला नर्सिंगला घाला म्हणत असताना बाबा एकटे माझ्या बाजूने उभे राहिले होते. "तिले फोटो काढायचे हायेत त काढू द्या," एवढंच ते म्हणाले होते. मला त्यांचं ते एक वाक्य खोटं पाडायचं नव्हतं.

बाबा उमरेडचे विणकर. घरातच जमिनीत खड्डा केलेला माग होता, त्या खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर बसायचे. माग बंद पडला तसे आम्ही नागपूरला आलो आणि ते एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन झाले. खुर्चीवर बसले की त्यांचे हात अधूनमधून मागावर असल्यासारखे आपोआप हलायचे. उजवा हात झटका द्यायचा, डावा पुढचं ओढून घ्यायचा. बिल्डिंगमधल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी आजार आहे.

तीन दिवस मी नीट जेवले नाही. चौथ्या दिवशी बाबांनी माझं ताट माझ्याकडे ढकललं.

"काहून जेवून नाई राहिली?"

मी सगळं सांगितलं. अतिवास्तववाद म्हणजे काय, तेही सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जे नाई, ते हाय असं दाखवाचं."

"तसंच काहीतरी."

"मंग मले बसव न कुठं. मी माग नसताना मागावर बसतो. रोजच बसतो."

ते थट्टा करत नव्हते. आणि मला एकदम तो फोटो दिसला. पांढऱ्या, मोकळ्या, कुठेच न संपणाऱ्या जमिनीवर एक माणूस बसलाय आणि नसलेल्या मागावर कापड विणतोय. अशी जागा मला माहीत होती. शहराबाहेर वीजकेंद्राची राख पाण्यातून आणून एका तळ्यात सोडतात. आमच्याकडे तिला राखड म्हणतात. पाणी आटलं की वर पांढरी कडक पापडी धरते आणि तळ्याचं मैदान होतं. बांधावर 'आत जाऊ नये' अशी पाटी होती. ती मी आधीच एकदा पाहिली होती. बाबांना त्याबद्दल काही बोलले नाही.

रविवारी बाबांनी सुट्टी घेतली. दुपार कलताना आम्ही बांधाच्या मागच्या बाजूने आत उतरलो. दूर बांधाच्या टोकाला एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॅक्टरवाला एकटाच ट्रॉलीत विटांसाठी सुकी राखड भरत होता. कडेला मी पाय आपटून पाहिलं. घट्ट होतं. बाबांनी घरून आणलेला बसायचा पाट उचलला आणि वीसेक पावलं आत जाऊन बसले. मी कॉलेजचा कॅमेरा स्टँडवर लावला आणि दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं केलं. ऊन माझ्या पाठीमागे होतं. फ्रेमच्या कोपऱ्यात माझी सावली येत होती, ती मी राहू दिली.

बाबांनी विणायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी मला त्यांचा चेहरा मागावर बसल्यावर असायचा तसा दिसला. थोड्या वेळाने ते थांबले आणि म्हणाले, "पाय असे पुढं बरोबर नाई दिसत. मागाले खड्डा लागते." आणि टाचांनी समोरची राख उकरू लागले. मला ते आवडलं. मी म्हणाले, "करा बाबा, अजून थोडं खोल करा."

हे मीच म्हणाले होते.

पापडी फुटली. खाली ओला गाळ होता. आधी घोटे गेले, मग गुडघे. पाट पुढे कलला आणि ते कमरेपर्यंत घसरले. मी धावले. निदान मला तसंच आठवतं. आठ-दहा पावलांवर माझाही पाय पोटरीपर्यंत आत गेला. मी ओढून काढला की दुसरा रुतायचा. बाबा हातांनी पापडी धरू पाहत होते आणि ती बिस्किटासारखी तुटत होती. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. त्यांच्या डोळ्यांतली भीती मात्र आठवते. आईच्या शेवटच्या दिवसांतही मी ती त्यांच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

ट्रॅक्टरवाल्याने आवाज ऐकला. तो ट्रॅक्टर घेऊन जवळ आला आणि बांधावरूनच ओरडला, "उभी नको राहू वं, आडवी पड! काका, मागं लेटा, हात पसरा!" मी पोटावर पडले. बाबा मागे रेलले. त्याने ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची झडप, सोडवून राखेवरून सरकवत आणला, त्यावर पालथा पडून बाबांच्या काखेत दोर घातला. आम्ही दोघांनी किती वेळ ओढलं कोणास ठाऊक. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या आणि कमरेखालचा माणूस पुतळ्यासारखा पांढरा होता.

ट्रॅक्टरवाल्याने पाण्याची कॅन त्यांच्या पायांवर रिकामी केली. मग माझ्याकडे वळला. "बापाले आणून इथं बसवलं? फोटोसाठी?" बाबाच बोलले. "मीच म्हणलं होतं भाऊ, तिले नको बोलू."

घरी आल्यावर बाबांचे पाय राखेने लाल झाले, दोन्ही पोटऱ्यांची कातडी सोलली. डॉक्टरांनी मलम दिलं. आठवडाभर ते ड्यूटीवर जाऊ शकले नाहीत.

कॅमेरा मी तीन दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा सगळं त्यात होतं. बाबा विणताहेत. बाबा टाचांनी उकरताहेत. बाबांचे पाय गेलेत. पुढच्या फोटोत गुडघे गेलेत, एक हात वर आहे, तोंड उघडं आहे. त्याच्या पुढच्यात ते कमरेपर्यंत आहेत. आणि या तिन्ही फोटोंत कोपऱ्यातली माझी सावली जिथल्या तिथे आहे. जरासुद्धा हललेली नाही. त्याच्या पुढच्या फोटोत ती नाही.

दहा-दहा सेकंद. मी पुन्हा पुन्हा मोजले. मी लगेच धावले नव्हते. मी बघत उभी होते. भीतीने, की फोटो चांगला येतोय म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मी कॅमेरा बाबांसमोर धरला. "बाबा, तुम्ही मला हाक मारली होती?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "नाई. मले पहिले कळलंच नाई. पाय खाली गेले त मागावर बसल्यासारखं वाटलं."

"तोंड उघडं आहे तुमचं."

"जांभई असंन," ते म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी तेच फोटो दिले. दुसरे नव्हते, आणि शेवटचा दिवस आला होता. सरांनी ते बराच वेळ पाहिले आणि फक्त "हां" म्हणाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "कंबर फार सफाईने कापली आहे. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलं?" मी सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सर माझ्याकडे पाहत होते.

मी पास झाले, गुणही चांगले पडले. वर्गातल्या मुलींनी मला मिठी मारली. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

बाबांना फोन केला तेव्हा ते गेटवर परतले होते, मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "झाली का पास?" त्यांनी विचारलं. मी झाले म्हटलं. ते म्हणाले, "बरं झालं. ठेवतो आता, गाडी आली." आणि फोन बंद झाला.